बेळगाव-निपाणी भागात घर बांधताय? आधी आपल्या प्लॉटची हद्द ओळखा

बांधकाम परवाना देणारे कार्यालय पत्त्यावरून ठरत नाही, जमिनीच्या हद्दीवरून ठरते

बेळगाव शहरातून कॅम्पमार्गे हिंडलग्याच्या दिशेने निघालेला माणूस रस्ता न बदलता तीन वेगवेगळ्या प्रशासनांच्या हद्दींतून जातो. शहरात महानगरपालिका, कॅम्पमध्ये छावणी परिषद अर्थात कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि पुढे हिंडलगा ग्रामपंचायत. रस्त्याच्या कडेची घरे सारखीच दिसतात, पत्त्यात सर्वजण ‘बेळगाव’ असेच लिहितात. परंतु या तिन्ही ठिकाणी घर बांधण्याची परवानगी देणारे कार्यालय वेगळे, त्यामागचा कायदा वेगळा आणि कागदपत्रेही वेगळी.

नोकरी-व्यवसायानिमित्त गोव्यात स्थायिक झालेल्या बेळगाव, खानापूर व निपाणी परिसरातील कुटुंबांना हा प्रश्न वरचेवर पडतो. गावाकडे घेतलेल्या प्लॉटवर निवृत्तीपूर्वी घर बांधावे, असा बेत असतो. गवंडी ठरतो, आराखडा तयार होतो, आणि मग कोणी सांगते की, पंचायतीची परवानगी पुरते. कोणी म्हणते, बुडाकडे जावे लागेल. तर कोणी खातापत्रक दाखवून ‘हीच परवानगी’ असे ठामपणे सांगते. या तिन्ही सल्ल्यांपैकी कोणता खरा, हे प्लॉट नेमका कुठे आहे यावरच अवलंबून असते. चुकीच्या कार्यालयाचा शिक्का असलेला कागद हाती घेऊन बांधलेले घर पुढे वीजजोडणी, बँकेचे कर्ज आणि विक्री या तिन्ही वेळी अडचणीत येते. म्हणून पाया खोदण्यापूर्वी हद्दीचा उलगडा होणे अगत्याचे आहे.

गोव्याचा अनुभव येथे तंतोतंत लागू पडत नाही

गोव्यातील वाचकाला एक-चौदाचा उतारा, भूमहसूल संहितेच्या कलम ३२ खालील सनद, नगर व ग्राम नियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि शेवटी पंचायत किंवा पालिकेचा बांधकाम परवाना हा क्रम परिचयाचा असतो. कर्नाटकातही तत्त्व हेच आहे. जमीन बिगरशेती असली पाहिजे, नियोजनाची मंजुरी असली पाहिजे आणि स्थानिक संस्थेचा परवाना असला पाहिजे. मात्र ही तीन कामे करणाऱ्या संस्थांची नावे आणि त्यांच्यातील विभागणी वेगळी आहे.

कर्नाटकात शेतजमीन बिगरशेती करण्याचा अधिकार कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. नियोजनाची मंजुरी कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा १९६१ खाली दिली जाते. बेळगाव परिसरात ती बेळगाव नगरविकास प्राधिकरण, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘बुडा’, देते. आणि प्रत्यक्ष इमारत उभारण्याचा परवाना महानगरपालिका, नगरपालिका, नगर पंचायत, ग्रामपंचायत वा छावणी परिषद यांपैकी जिची हद्द असेल तीच संस्था देते. एका संस्थेने दिलेली मंजुरी दुसऱ्या संस्थेच्या मंजुरीची जागा घेत नाही, हे सूत्र ध्यानात ठेवले, तर पुढचे बरेच घोटाळे टळतात.

निपाणी भागातील वाचकांची आणखी एक गल्लत होते. राज्याची सीमा ओलांडली की कोल्हापूर जिल्हा. नातेवाईक तिकडचे, व्यवहार तिकडचे. त्यामुळे महाराष्ट्रातील सातबारा, गुंठेवारी नियमितीकरण, तिकडची विकास नियंत्रण नियमावली यांच्या गोष्टी कानांवर येतात. महाराष्ट्राचा गुंठेवारी कायदा २००१ चा असून तो महाराष्ट्रापुरताच आहे. निपाणीतील गुंठ्याच्या प्लॉटला त्याचा आधार घेता येत नाही. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून प्रलंबित आहे. त्याविषयी प्रत्येकाची भूमिका काहीही असो, आजच्या घडीला बांधकामाला लागू होणारे कायदे कर्नाटकाचे आहेत आणि त्या कायद्यांप्रमाणे घेतलेला परवानाच घरमालकाच्या कामी येतो.

पाटीवरील नावे समजून घ्या

कार्यालयांच्या पाट्या आणि अर्ज प्रामुख्याने कन्नडमध्ये असल्याने मराठी वाचकाची पहिली अडचण तेथेच सुरू होते. काही शब्द माहीत असल्यास काम सोपे होते. ‘महानगर पालिके’ म्हणजे महानगरपालिका. ‘नगरसभे’ म्हणजे मोठ्या शहराची नगरपालिका, ‘पुरसभे’ म्हणजे त्याहून लहान गावाची नगरपालिका आणि ‘पट्टण पंचायिती’ म्हणजे नगर पंचायत. लोकसंख्येच्या ढोबळ मोजमापाने १० ते २० हजारांपर्यंत नगर पंचायत, २० ते ५० हजारांपर्यंत पुरसभा, ५० हजारांपासून ३ लाखांपर्यंत नगरसभा आणि त्यावर महानगरपालिका, अशी ही उतरंड आहे. ‘दंडु मंडळी’ म्हणजे छावणी परिषद. ‘नगराभिवृद्धी प्राधिकार’ म्हणजे नगरविकास प्राधिकरण. ‘कट्टड परवानिगे’ म्हणजे बांधकाम परवाना, ‘भू परिवर्तने’ म्हणजे बिगरशेती, ‘पहणी’ म्हणजे आरटीसी उतारा आणि ‘ग्रामठाणा’ म्हणजे आपले गावठाण.

हे वर्गीकरण पाहता निपाणी नगरसभा आहे, चिकोडी पुरसभा आहे, तर खानापूर व निपाणी तालुक्यातील बोरगाव येथे नगर पंचायत आहे. या सर्व संस्था कर्नाटक नगरपालिका कायदा १९६४ खाली काम करतात. बेळगाव महानगरपालिकेला मात्र कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ लागू होतो. ग्रामपंचायतींसाठी १९९३ चा ग्रामस्वराज व पंचायतराज कायदा आहे. छावणीचा कायदा तर राज्याचा नव्हेच. तो २००६ चा केंद्रीय कायदा आहे.

महानगरपालिकेची हद्द

बेळगाव महानगरपालिकेचे ५८ प्रभाग आहेत. जुन्या शहराबरोबरच शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, कणबर्गी अशी पूर्वी स्वतंत्र असलेली गावे व पेठा तिच्यात सामावलेल्या आहेत. संस्थानकाळात शहापूर सांगली संस्थानाकडे होते, ही जुन्या पिढीच्या आठवणीतील गोष्ट. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात असल्याने शहरातील मिळकतींची नोंद सिटी सर्व्हेच्या पद्धतीने झाली. म्हणून आजही बेळगावात मिळकतीची ओळख ‘सीटीएस क्रमांक’ सांगून दिली जाते. निपाणीच्या जुन्या वस्तीतही हाच प्रकार आढळतो.

महापालिका हद्दीत घर बांधायचे, तर १९७६ च्या कायद्याच्या कलम २९९ प्रमाणे आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो. प्रत्यक्षात हा अर्ज परवानाधारक अभियंता वा वास्तुविशारदामार्फत ऑनलाईन दाखल होतो. मालकीचा दस्त, चालू सीटीएस किंवा आरटीसी उतारा, ई-खाता, घरपट्टी भरल्याची पावती, मंजूर लेआऊटची प्रत, जागेचा नकाशा आणि इमारतीचा आराखडा ही मुख्य कागदपत्रे. आराखडा तपासताना रस्त्याची रुंदी, चारी बाजूंनी सोडायची मोकळी जागा, उंची आणि एकूण बांधकाम क्षेत्र पाहिले जाते. येथे एक गोष्ट अभियंत्याला स्पष्ट विचारावी: आपल्या प्लॉटचा लेआऊट मंजूर आहे का? मंजूर नसलेल्या लेआऊटमधील किंवा लेआऊटबाहेरच्या एकट्या प्लॉटला बुडाची एकल भूखंड मंजुरी आधी आणावी लागते, आणि सर्वाधिक अर्ज तेथेच रखडतात.

कॅम्प भागाचे वेगळेपण

बेळगावची छावणी १८३२ पासूनची. तिच्या हद्दीत महापालिकेचा अधिकार चालत नाही. छावणी कायदा २००६ च्या कलम २३४ नुसार परिषदेच्या मंजुरीशिवाय इमारत उभारता येत नाही वा जुनी पाडून नव्याने बांधता येत नाही; कलम २३५ नुसार नव्या बांधकामाची रीतसर सूचना परिषदेला द्यावी लागते. विनापरवाना काम थांबवण्याचा व पाडण्याचा अधिकार कलम २४८ ने परिषदेला दिला आहे.

मात्र छावणीत खरा प्रश्न परवान्याच्या आधीचा असतो. तो म्हणजे जमीन कोणाची? छावणीतील बरीच जमीन केंद्र सरकारची असून तिच्यावरील घरमालकाला भाडेपट्ट्याचा किंवा ब्रिटिशकालीन ‘ओल्ड ग्रँट’चा हक्क असतो. अशा ठिकाणी घराची मालकी आणि खालच्या जमिनीची मालकी वेगवेगळी असते. त्याची नोंद ‘जनरल लँड रजिस्टर’ या नोंदवहीत असते. कॅम्पमधील जुने घर विकत घेऊन त्या जागी नवे बांधण्याचा विचार असेल, तर खरेदीखतावर विसंबून न राहता या नोंदवहीचा उतारा पाहूनच पुढे जावे.

देशभरातील छावण्यांचा नागरी भाग लगतच्या पालिकांत विलीन करण्याचे धोरण केंद्र सरकारने पुढे आणले असून २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल छावणीपासून त्याची सुरुवात झाली. बेळगावच्या बाबतीतही ही चर्चा आहे. म्हणून कॅम्पमधील घरमालकाने अर्ज करण्याच्या दिवशी आपला भाग कोणाच्या हद्दीत आहे, याची राजपत्रातील अधिसूचनेवरून खातरजमा करावी. विलीनीकरण ‘होणार आहे’ या बातमीवर परवाना मिळत नाही. अधिसूचना निघून हस्तांतर होईपर्यंत अधिकार छावणी परिषदेचाच राहतो.

बुडा नेमके काय करते?

बुडाविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. कर्नाटक नगरविकास प्राधिकरण कायदा १९८७ खाली स्थापन झालेली ही संस्था दोन भूमिका बजावते. पहिली वसाहती विकसित करण्याची. रामतीर्थनगर व कुमारस्वामी लेआऊट ही त्याची उदाहरणे. दुसरी, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची भूमिका, म्हणजे नियोजन प्राधिकरणाची. शहर व भोवतालच्या अनेक गावांचा बृहत् आराखडा तयार करणे, कोणती जमीन निवासी, कोणती व्यापारी, कोणती हरित पट्ट्यात हे ठरवणे, आणि १९६१ च्या नियोजन कायद्याच्या कलम १७ प्रमाणे लेआऊट मंजूर करणे हे तिचे काम. आराखड्यातील वापर बदलायचा असल्यास कलम १४-अ खाली वेगळा अर्ज लागतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. बुडाची हद्द ही महापालिकेच्या हद्दीपेक्षा मोठी आहे. त्यामुळे प्लॉट ग्रामपंचायतीत असूनही तो बुडाच्या नियोजन क्षेत्रात असू शकतो. आणि दुसरे, जमीन जिल्हाधिकाऱ्यांनी बिगरशेती करून दिली, तरी तेवढ्याने तिचे प्लॉट पाडण्याची परवानगी मिळत नाही. ‘एनए झालेला प्लॉट’ अशी जाहिरात वाचून व्यवहार करणाऱ्यांनी बिगरशेती आदेशाबरोबरच लेआऊट मंजुरीचा आदेश व शिक्का असलेला नकाशा मागून घ्यावा. त्या नकाशात आपला प्लॉट क्रमांक, समोरचा रस्ता आणि खुल्या जागा दिसल्या पाहिजेत. नकाशात उद्यान म्हणून दाखवलेली जागा प्लॉट म्हणून विकली गेल्यास घरमालकाला कोणतीही पालिका परवाना देऊ शकत नाही.

ग्रामपंचायतीतील प्लॉट

हिंडलगा, बेनकनहळ्ळी, कंग्राळी, येळ्ळूर, उचगाव अशा शहरालगतच्या गावांत गेल्या काही दशकांत वस्ती झपाट्याने वाढली. गणेशपूरसारखा भाग बोलण्यात शहरच झाला आहे, पण तेथे बेनकनहळ्ळी ग्रामपंचायतीचा संबंध येतो. मच्छे व पिरनवाडी येथे तर ग्रामपंचायती जाऊन नगर पंचायती आल्या. म्हणून पाच-दहा वर्षांपूर्वी शेजाऱ्याने ज्या कार्यालयातून परवाना आणला, तेच कार्यालय आज आपल्याला लागू असेल असे गृहीत धरू नये.

पंचायत हद्दीत बांधकामाचे नियमन १९९३ च्या कायद्याच्या कलम ६४ ने ग्रामपंचायतीकडे दिले आहे. ग्रामपंचायतीच्या लेखी परवानगीशिवाय नवे घर बांधता येत नाही, तसेच जुन्यात फेरबदल वा वाढ करता येत नाही. अर्ज पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, म्हणजे ‘पीडीओं’कडे द्यावा लागतो. गावठाणातील वडिलोपार्जित जागा असेल, तर मार्ग तुलनेने सरळ असतो. गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी मात्र बिगरशेती आदेश व मंजूर लेआऊट लागतो. आणि ते गाव बुडाच्या नियोजन क्षेत्रात असल्यास बुडाची मंजुरीही. ग्रामपंचायतीने परवानगी दिली म्हणून बुडाची मंजुरी आपोआप मिळाली, असे होत नाही.

पंचायतीच्या ‘ई-स्वत्तू’ प्रणालीतून मिळणाऱ्या कागदांचा अर्थ येथे समजून घ्यावा. नमुना ९ आणि ११-अ हे उतारे गावठाणातील किंवा रीतसर बिगरशेती व मंजूर झालेल्या मिळकतींना मिळतात. ११-ब हा उतारा त्या चौकटीत न बसणाऱ्या मिळकतींची नोंद करून कर वसूल करण्यासाठी असतो. हाती ११-ब असेल, तर व्यवहार करण्यापूर्वीच बँकेकडे व अभियंत्याकडे चौकशी करावी. कारण परवान्याच्या वेळी प्रश्न तेथूनच सुरू होतात.

निपाणीचे चित्र

निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होते. आता ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. त्यामुळे महसुली कामांसाठी जुन्या कागदांवर चिकोडी तालुका आणि नव्यांवर निपाणी तालुका असे आढळणे स्वाभाविक आहे. एकाच सर्व्हे क्रमांकाच्या दोन कागदांवर दोन तालुके दिसल्यास घाबरून जाऊ नये. परंतु अर्जासोबत नवीनतम उतारा जोडावा आणि जुन्या दस्तातील तालुक्याचा उल्लेख अभियंत्याच्या लक्षात आणून द्यावा.

निपाणी नगरपालिका हद्दीतील घरासाठी १९६४ च्या नगरपालिका कायद्याच्या कलम १८७ खाली पालिकेला नव्या बांधकामाची सूचना देऊन परवानगी घ्यावी लागते. शहराला लागून असलेल्या यमगर्णी, जत्राट, अक्कोळ यांसारख्या गावांत ग्रामपंचायतींचा अधिकार येतो. बुडाचे क्षेत्र निपाणीपर्यंत नाही. तेव्हा लेआऊट व वापरबदलाच्या मंजुरीसाठी त्या जागेपुरते जे नियोजन प्राधिकरण असेल ते, आणि नसेल तेथे नगर व ग्राम नियोजन खात्याचे कार्यालय, याकडे जावे लागते. नेमके कोणते, हे पालिकेच्या अभियंता विभागात किंवा पीडीओंकडे लेखी विचारून घ्यावे.

राष्ट्रीय महामार्ग ४८ निपाणीवरून आणि बेळगावला लागून जातो. महामार्गालगतच्या प्लॉटवर स्थानिक संस्थेच्या परवान्याखेरीज रस्त्याच्या मध्यापासून ठरावीक अंतर मोकळे सोडण्याचे बंधन असते व महामार्गावर थेट वाट काढण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. सांबरा विमानतळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीचे बंधन आहे, तर लष्करी आस्थापनांच्या भिंतीलगत संरक्षण खात्याच्या ना हरकतीचा प्रश्न येऊ शकतो. एकमजली घराला यांतील सर्वच अटी लागू होतील असे नाही. परंतु प्लॉट अशा ठिकाणी असल्यास आराखडा काढण्यापूर्वी विचारणा करणे स्वस्त पडते.

आपली हद्द कशी शोधावी?

गोव्यात राहून यातील बरेचसे काम करता येते. क्रम असा ठेवावा.

पहिले, खरेदीखतातील सर्व्हे क्रमांक, हिस्सा क्रमांक किंवा सीटीएस क्रमांक आणि गावाचे महसुली नाव नीट उतरवून घ्यावे. ‘अमुक नगर’, ‘तमुक कॉलनी’ ही नावे येथे उपयोगी पडत नाहीत. महसुली गाव हीच खरी ओळख.

दुसरे, कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ संकेतस्थळावरून आरटीसी उतारा पाहावा. त्यात जमीन शेती की बिगरशेती, धारक कोण आणि बोजा काय, हे दिसते. जागेवर जाणे शक्य असेल, तर ‘दिशांक’ हे सरकारी मोबाईल अ‍ॅप प्लॉटवर उभे राहून उघडावे. आपण उभे असलेल्या जागेचा सर्व्हे क्रमांक, गाव, होबळी व तालुका ते दाखवते. विक्रेत्याने दाखवलेली जागा आणि दस्तातील सर्व्हे क्रमांक एकच आहे का, हे तपासण्याचा हा सोपा मार्ग. मात्र अ‍ॅपवरील रेषा मार्गदर्शनापुरत्या समजाव्यात. वाद असल्यास सरकारी मोजणीला पर्याय नाही.

तिसरे, ‘कावेरी’ संकेतस्थळावरून बोजा प्रमाणपत्र, म्हणजे ‘ईसी’, काढावे.

चौथे, त्या मिळकतीची घरपट्टी वा प्लॉटचा कर आज कोण घेते, ते पाहावे. कराच्या पावतीवरील संस्थेचे नाव हा हद्दीचा चांगला सुगावा आहे. तो अंतिम पुरावा नव्हे, कारण हद्द बदलल्यानंतरही जुन्या पावत्या लोकांकडे राहतात.

पाचवे, संबंधित संस्थेला लेखी विचारावे. प्रश्न मोजके असावेत: अमुक सर्व्हे वा सीटीएस क्रमांकाची मिळकत आपल्या हद्दीत येते काय? ती कोणत्या नियोजन प्राधिकरणाच्या क्षेत्रात आहे? बृहत् आराखड्यात तिचा वापर कोणता दाखवला आहे? या सर्व्हे क्रमांकात मंजूर लेआऊट आहे काय, आणि असल्यास मंजुरीचा क्रमांक व दिनांक काय? तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. उत्तर मिळत नसल्यास माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपये शुल्क भरून हेच प्रश्न विचारता येतात. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

हे कागद म्हणजे बांधकाम परवाना नव्हे

लोकांकडे असलेल्या अनेक कागदांना परवाना समजले जाते. खरेदीखत मालकीचे हस्तांतर सांगते. बांधकामाचा हक्क देत नाही. खाता किंवा ई-खाता कराच्या नोंदीसाठी असतो. अनधिकृत लेआऊटमधील मिळकतींना ‘ब खाता’ देण्याची मोहीम २०२५ च्या प्रारंभी राज्यातील नगरसंस्थांत राबवण्यात आली. त्यामुळे मिळकत नोंदीत आली आणि कर भरता येऊ लागला. पण त्याने लेआऊट मंजूर झाला असा अर्थ नाही. घरपट्टीच्या पावतीचेही तसेच. बिनपरवाना घराचाही कर पालिका घेऊ शकते. कर घेतला म्हणजे घर अधिकृत झाले असे होत नाही. बिगरशेती आदेश हा जमिनीच्या वापराचा आदेश आहे, इमारतीचा नव्हे.

कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीने जमीन सुधारणा कायद्यातील ७९-अ व ७९-ब ही कलमे वगळली गेल्याने बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेता येते. गोव्यातील काहीजण त्यामुळे खानापूर व बेळगाव परिसरातील शेतजमिनींकडे वळतात. जमीन घेता येणे आणि तिच्यावर राहते घर बांधता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोठ्या सर्व्हे क्रमांकातून एक-दोन गुंठे घेतले, तर मोजणीचा ११-ई नकाशा, बिगरशेती, लेआऊट मंजुरी हे सारे टप्पे समोर उभे राहतात, आणि एवढ्या लहान तुकड्यासाठी ते पुरे होणे सहसा कठीण असते.

‘पुढे अक्रम-सक्रममध्ये नियमित होईल’ हे आश्वासनही वारंवार ऐकू येते. नागरी भागांतील अनधिकृत बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याच्या या योजनेला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये स्थगिती दिली. त्या आशेवर आयुष्याची पुंजी लावणे शहाणपणाचे नाही.

परवाना नसल्यास काय होते?

महापालिका हद्दीत विनापरवाना वा आराखड्याबाहेर बांधकाम केल्यास कलम ३२१ खाली नोटीस येते. तिला उत्तर देण्याची संधी मिळते आणि आदेशाविरुद्ध कर्नाटक अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पाडकामाविषयी सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी घालून दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान १५ दिवसांची पूर्वसूचना आवश्यक आहे. रस्ता, नदीकाठ अशा सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणांना हे संरक्षण नाही. नोटीस आल्यावर ती बाजूला ठेवून देणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते.

नोटीस न आली तरी प्रश्न सुटत नाही. १७ डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने इमारतीचा पूर्णत्वाचा वा भोगवटा दाखला पाहूनच वीज, पाणी व मलनिस्सारणाची जोडणी द्यावी, तसेच बँकांनीही हे दाखले तपासूनच कर्ज द्यावे, असे निर्देश दिले. त्यामुळे बेळगाव-निपाणी भागात वीज पुरवणाऱ्या हेस्कॉमकडे कायम जोडणीसाठी जाणाऱ्या घरमालकासमोर हा दाखला उभा राहतो. हा दाखला मंजूर आराखड्याप्रमाणे काम झाले असेल तरच मिळतो. म्हणजे परवाना घेणे ही पहिली पायरी; त्यातील अटींप्रमाणे बांधणे, परवान्यावर नमूद मुदतीत काम पूर्ण करणे किंवा मुदतवाढ घेणे, आणि शेवटी दाखला मिळवणे असा हा पूर्ण प्रवास आहे. मधेच एखादी खोली वाढवावीशी वाटली, तर आधी सुधारित आराखडा मंजूर करून घ्यावा.

विलंब झाल्यास

नागरी संस्थांतील बांधकाम परवाना ही कर्नाटकच्या ‘सकाल’ सेवा हमी कायदा २०११ च्या यादीतील सेवा आहे. अर्ज दाखल होताच जीएससी क्रमांक असलेली पोच मागून घ्यावी. त्या क्रमांकावरून अर्ज कोठे आहे हे कळते, आणि ठरलेल्या मुदतीत निर्णय न झाल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. विलंबापोटी दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. रक्कम मामुली आहे. पण विलंबाचे उत्तर त्या अधिकाऱ्याला द्यावे लागते, हा तिचा खरा उपयोग.

मुखत्यारपत्र देऊन काम सोपवताना गोव्यातील मालकांनी एक दक्षता घ्यावी. पोच, चलन आणि मंजूर आराखड्याची शिक्का असलेली प्रत मध्यस्थाकडे न ठेवता स्वतःकडे मागवून घ्यावी. परवान्यावरील संस्थेचे नाव, सर्व्हे वा सीटीएस क्रमांक आणि मालकाचे नाव या तीन गोष्टी खरेदीखताशी ताडून पाहाव्यात. कन्नड वाचता येत नसल्यास वाचता येणाऱ्या विश्वासू व्यक्तीकडून अटींचे पान वाचून घ्यावे. कारण मोकळी जागा किती सोडायची, मजले किती आणि मुदत कधी संपते, हे सारे त्याच पानावर असते.

घर बांधणे हे बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यात एकदाच घडते. हद्दीची चौकशी करायला काही दिवस व थोडे पैसे लागतात. चुकीच्या कार्यालयाचा परवाना निस्तरायला कित्येक वर्षे जातात. तेव्हा वास्तुशांतीचा मुहूर्त काढण्यापूर्वी, आणि त्याही आधी गवंड्याला इसार देण्यापूर्वी, आपला प्लॉट कोणाच्या हद्दीत येतो याचे लेखी उत्तर हाती असावे.